साठ अहवाल की एकच सर्वेक्षण?

बाजार संशोधन हा विषय आज बीबीएपासून एमबीएपर्यंत सगळीकडे आहे. पाठ्यपुस्तकं चांगली आहेत आणि अभ्यासक्रमातून फार मोठं काही सुटलेलं नाही. तरीही हा विषय पास झालेल्या किती तरी मुलांना अनोळखी दारात उभं राहून एक सरळ प्रश्न विचारता येत नाही. मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं, तेही सांगता येत नाही. असं का होतं, याचं कारण शिकवणारे एक सांगतात आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणं करणारे दुसरंच. ती दोन मतं इथे दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. भाची कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात हा विषय शिकवते. मामा मुंबईच्या एका संशोधन संस्थेत फील्डचं काम बघत निवृत्त झाले. दोघं कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. भाचीसमोर साठ प्रकल्प-अहवाल तपासायला पडले आहेत आणि मामांनी त्यातले वरचे तीन उचलले आहेत.

मामा : दुचाकी ग्राहकांचं समाधान, नमुना 100. मोबाइल ग्राहकांचं समाधान, नमुना 100. बँकेच्या खातेदारांचं समाधान, नमुना 100. सगळ्यांना शंभरच माणसं कशी गं भेटली?

भाची : शंभर घेतले की टक्केवारी आपोआप निघते, दुसरं कारण नाही. मी दर वर्षी फळ्यावर मांडून दाखवते, मामा. शंभर माणसं अगदी चिठ्ठ्या टाकून निवडली, तरी पन्नास टक्क्यांचा आकडा दोन्ही बाजूंना जवळजवळ 10 टक्क्यांनी हलू शकतो. ते हलणं 5 टक्क्यांवर आणायचं तर 384 माणसं लागतात. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. परीक्षेत हे सगळ्यांना येतं.

मामा : आणि ही शंभर माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली होती?

भाची : नाही. 'सोयीस्कर नमुना' असं लिहिलंय. म्हणजे गूगल फॉर्म तयार केला आणि मित्रांच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

मामा : मग तुझं ते 10 टक्क्यांचं गणित इथे लागूच होत नाही.

भाची : नाहीच होत. दहा हजार फॉर्म आले असते तरी झालं नसतं. म्हणूनच मी म्हणते, पोरांचा सिद्धांत कच्चा आहे. नमुना म्हणजे काय हे ज्याला खरंच कळलं, तो असला फॉर्म पाठवणारच नाही.

मामा : सिद्धांत त्यांना परीक्षेत येतो, हे तूच आत्ता सांगितलंस. त्यांना एकच गोष्ट कुणी दाखवलेली नाही, की आकडा चुकला तर कुणाचं तरी नुकसान होतं. या अहवालांचं पुढे काय होतं?

भाची : तोंडी परीक्षा होते. बाहेरचे परीक्षक येतात, दोन-चार प्रश्न विचारतात. मग एक प्रत ग्रंथालयात जाते.

मामा : म्हणजे वापरत कुणीच नाही, आणि पोरांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग उन्हात कोण कशाला फिरेल?

भाची : तुमच्या फील्डवर सगळे प्रामाणिकपणे फिरायचे?

मामा : छे! म्हणून तर बॅक-चेक असतो. भरून आणलेल्या फॉर्मांपैकी काही निवडून सुपरवायझर पुन्हा त्या घरी जातो, नाही तर फोन करतो. खरंच कुणी आलं होतं का, किती वेळ बसलं, काय काय विचारलं. घरबसल्या भरलेला फॉर्म सापडला की त्या मुलाचं सगळं काम बाद. तुमच्याकडे बाइंडिंग तपासतात, समासाची जागा तपासतात. शंभरातल्या एकाला तरी फोन करतं का कुणी?

भाची : नाही करत. आणि आता तर फॉर्म पाठवायचीही गरज उरलेली नाही. एआयला सांगितलं की शंभर उत्तरांचा तक्ता तयार मिळतो, आलेखासकट.

मामा : तू ओळखतेस कसा?

भाची : बऱ्याचदा तक्ताच सांगतो. खऱ्या तक्त्यात रिकामे रकाने असतात, 'माहीत नाही' असतं, कुणी अर्ध्यातून उठून गेलेलं असतं. वय अठरा आणि नोकरीचा अनुभव दहा वर्षं, अशी एखादी गफलत असते. बनावट तक्ता फार स्वच्छ असतो. पण हे ओळखायलाही संख्याशास्त्रच लागतं, मामा. नुसतं फिरून ही नजर येत नाही.

मामा : हे मान्य. आता प्रश्न बघू. 'आपण किंमत व दर्जा याबाबत समाधानी आहात का?' एका वाक्यात दोन प्रश्न. किंमत पटली पण दर्जा नाही, अशा माणसानं खूण कुठे करायची? आणि खाली अत्यंत समाधानीपासून अत्यंत असमाधानीपर्यंत पाच चौकोन.

भाची : मुलं त्याला लिकर्टची पट्टी म्हणतात. रेन्सिस लिकर्टनं 1932 साली मांडलेल्या पद्धतीत एकाच गोष्टीबद्दलची अनेक विधानं असतात. प्रत्येकाशी माणूस किती सहमत आहे ते मोजून सगळ्यांची बेरीज घ्यायची. एका प्रश्नाखाली पाच चौकोन काढले की ती पट्टी होत नाही. हे मी सांगते, आणि दर वर्षी तेच पाच चौकोन माझ्याकडे परत येतात.

मामा : आणि दारात आलेल्या कॉलेजच्या पोराला 'मी असमाधानी आहे बाबा' असं कोण सांगेल? त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून माणसं बरं तेच बोलतात. मी असतो तर समाधानाचा शब्दच काढला नसता. गाडीचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलंत? कंपनीच्या सेंटरवर की ओळखीच्या मेकॅनिककडे? त्याच्याकडेच का? माणसानं केलेलं विचारावं, म्हणजे त्याला वाटतं ते कळतं. पुढचं पान बघ, 'मासिक उत्पन्न : 10,000 पेक्षा कमी, 10,000 ते 25,000...' हे आपल्याकडे कोण खरं सांगतं?

भाची : त्यावर तुमच्याच क्षेत्रानं तोड काढली होती. शिकवते मी ते. ग्राहकांचे सामाजिक-आर्थिक वर्ग पाडताना उत्पन्न विचारतच नाहीत. 2011 च्या वर्गवारीत घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरात काय काय आहे, एवढंच विचारतात. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज, अगदी शेतजमीनसुद्धा. त्यानंतर आलेल्या नव्या वर्गवारीत तर घरातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या स्त्रीचं शिक्षणही धरलंय.

मामा : शिकवतेस ना? मग अहवालात उत्पन्नाचा रकाना कसा?

भाची : मागच्या वर्षीच्या अहवालात होता म्हणून.

हे शेवटचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रश्नावली मुलं तयार करत नाहीत, त्यांना ती वारशानं मिळते. प्रश्न कुठून जन्माला येतो, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मामा पुढे जे सांगतात ते याच जागेवर बोट ठेवतं.

मामा : असं समज, इथल्या एका महिला बचत गटाची कांदा-लसूण चटणी आहे. त्यांना ठरवायचंय की पन्नास ग्रॅमचं पाकीट काढायचं की अर्ध्या किलोचं. तुझी मुलं काय विचारतील?

भाची : कोणत्या ब्रँडचा मसाला वापरता? महिन्याला किती लागतो? किंमत, चव आणि पॅकिंग यांना पसंतीक्रम द्या.

मामा : आणि दारातली बाई म्हणेल, 'आम्ही घरचीच चटणी करतो.' त्याला फॉर्ममध्ये चौकोनच नाही! उन्हाळ्यात मिरची आणायची, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती हे घरोघरी ठरलेलं. ती वाळवायची, मसाले भाजायचे, कांडप यंत्रावरून कुटून आणायची आणि वर्षाची बरणी भरून ठेवायची. त्या बचत गटाचा खरा प्रतिस्पर्धी गल्लीतलं कांडप यंत्र आहे. हे एकदा कळलं की सगळे प्रश्न बदलतात. यंदा घरी चटणी केलीत का? किती किलोची? मागच्या वर्षीची कोणत्या महिन्यात संपली? संपल्यावर काय केलंत? माहेरून मागवली, शेजारून घेतली की दुकानातून आणली? आणली तर केवढं पाकीट? मुलगा पुण्याला खोली घेऊन राहतो, त्याला इथून डबा भरून देता का?

भाची : तुम्ही इथले आहात, म्हणून सुचलं.

मामा : आणि नागपूरहून शिकायला आलेल्या तुझ्या विद्यार्थ्याला चार स्वयंपाकघरांत बसून ऐकल्याशिवाय सुचणार नाही. म्हणून माझं म्हणणं, पहिले तीन आठवडे पुस्तक उघडूच नये. बाजारात उभं राहावं, किराणा दुकानाच्या फळीशी तासभर थांबून लोक काय मागतात ते ऐकावं.

भाची : इथे मी भांडणार. चार घरी बसून प्रश्न कळतात, उत्तर कळत नाही. चार घरी चटणी करतात म्हणून अख्खं कोल्हापूर चटणी करतं असं म्हणणारा मुलगा मला त्या व्हॉट्सॲपवाल्याइतकाच धोक्याचा वाटतो. तुम्ही जाल शिवाजी पेठेतल्या ओळखीच्या घरी. उपनगरातल्या फ्लॅटमध्ये दोघंही नोकरीला जातात, तिथे दुपारी कुलूप असतं. आणि विकतची चटणी घेणारी माणसं कदाचित त्याच कुलपामागे राहतात. माणसं पुष्कळ भेटली म्हणजे सत्य भेटलं असं होत नाही. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, त्यांतल्या 20 लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन निवडून येणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, तीही मंदीच्या काळात. त्यातही ज्यांना उत्तर पाठवायची हौस होती, त्यांचंच मत मोजलं गेलं. जॉर्ज गॅलपनं त्याहून किती तरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला, कारण माणसं कशी निवडायची याचा त्यानं विचार केला होता.

मामा : तुझा 1936 घे, माझा 1985 घे. कोकाकोलानं नवी चव आणताना जवळपास 2 लाख चव-चाचण्या घेतल्या होत्या. नमुना दांडगा, लोकांना नवी चव जास्त आवडली. 23 एप्रिलला नवं पेय आलं आणि जुनं बंद झालं. लोक इतके खवळले की जुलैत जुनं परत आणावं लागलं. पेला हातात घेणाऱ्याला हे माहीतच नव्हतं की याला पसंती दिली तर ते दुसरं कायमचं जाणार आहे. चवीचा प्रश्न विचारला, चवीचं उत्तर मिळालं. निर्णय वेगळाच होता.

या दोन्ही गोष्टी बऱ्याच पाठ्यपुस्तकांत आहेत आणि मुलं त्या परीक्षेत घडाघडा लिहितात. पण पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती 1945 आणि 1952 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली, हे महाराष्ट्रातल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला क्वचितच सांगितलं जातं. आपल्याच राज्यात घरोघरी जाऊन पाहणी करणारी माणसं होती आणि तीच सिद्धांतही उत्तम जाणत होती. हे कळलं असतं तर 'वर्ग की फील्ड' हा वाद इतका ताणला गेला नसता. भाचीला इथे आणखी एक नाव आठवतं.

भाची : मामा, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी तागाच्या पिकाखालचं क्षेत्र मोजताना काय केलं होतं माहीत आहे? बंगालमधली गोष्ट, 1930 च्या दशकातली. एकाच भागातून दोन वेगवेगळे नमुने निवडायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे. एकीचं काम दुसरीला माहीत नाही. दोघींचे आकडे जवळ आले तर ठीक, लांब गेले तर कुणाचं तरी मोजणं चुकलंय. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण 1950 मध्ये सुरू झालं, त्यातही हीच पद्धत आली.

मामा : हा तर आमचाच बॅक-चेक, फक्त गणितानं केलेला! मग हे वर्गात का करत नाहीस? साठ मुलं आहेत. सहा तुकड्या कर. साठ जण साठ खोटे अहवाल करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक खरं सर्वेक्षण करावं, त्या चटणीचं.

भाची : थांबा, मांडून बघते. प्रत्येकाकडे दहा घरं, म्हणजे एका तुकडीकडे शंभर, एकूण 600. सगळ्या तुकड्यांना तेच प्रभाग, पण घरं वेगळी. मतदार यादीतून चिठ्ठीनं पत्ते काढायचे...

मामा : ...तिथून उजव्या हातानं ठरावीक घरं सोडत पुढे जायचं. कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचं नाही. संध्याकाळी परत जायचं, मग रविवारी परत. तीनदा गेल्यावरच ते घर सोडायचं. 'नको' म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेवायची.

भाची : आणि मग सहा तुकड्यांचे सहा आकडे फळ्यावर लिहायचे. समजा, एकीला घरी चटणी करणारे 58 टक्के मिळाले, दुसरीला 66, तिसरीला 51. मी इतकी वर्षं जे 10 टक्के खडूनं लिहून दाखवत आले, ते मुलांना आपल्याच हातच्या आकड्यांत हलताना दिसतील. सहाही एकत्र केले की हलणं 4 टक्क्यांच्या आसपास येतं. एका वस्तीतल्या घरांची उत्तरं सारखी असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच, पण तोही धडा तिथेच घेता येईल. आणि एखादी तुकडी सगळ्यांपासून फारच लांब गेली, तर का गेली हे शोधायचं. दुपारीच फिरले? फक्त मुलगेच होते? प्रश्न आपल्या शब्दांत बदलून विचारला?

मामा : की झाडाखाली बसून फॉर्म भरले?

भाची : तेही दिसेल. पण अडचणी ऐका. नियमाप्रमाणे प्रत्येकाचा प्रकल्प स्वतंत्र लागतो.

मामा : सर्वेक्षण एक, अहवाल साठ. एकानं खोली घेऊन राहणाऱ्यांचा अभ्यास करावा, दुसरीनं चटणी कोणत्या महिन्यात संपते त्याचा, तिसऱ्यानं दार न उघडणाऱ्यांचा. माहिती सगळ्यांची, प्रश्न ज्याचा त्याचा.

भाची : मुलींचे पालक विचारणार, अनोळखी घरी का पाठवता म्हणून.

मामा : बरोबर विचारतील. जोडीनंच पाठवायचं, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र हवं, अंधार पडायच्या आत परत, आणि घरात एकटा पुरुष असेल तर उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं. हे मी तुझ्या मुलग्यांनाही सांगेन.

भाची : आणि बॅक-चेकसाठी फोन नंबर घेतले तर ते वेगळ्या कागदावर, विचारून, आणि काम झाल्यावर नष्ट. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाय. मुलांना तो विषय शिकवायला याहून चांगली वेळ नाही. गुण कशाला द्यायचे?

मामा : निम्मे फील्ड डायरीला. कुठल्या घरी काय झालं, कोणता प्रश्न लोकांना कळला नाही.

भाची : ते मला पटत नाही. डायरीही एआय लिहून देतं, अगदी रसाळ. मी गुण तोंडी परीक्षेला देईन, आणि प्रश्न एकच विचारीन : तुझा हा आकडा कोणकोणत्या कारणांनी चुकीचा असू शकेल?

मामा : मग परीक्षकाशेजारी त्या बचत गटाच्या दोघी बसव. त्या विचारतील, 'मग आम्ही पाकीट केवढं काढू?' त्याचं उत्तर ज्याला देता येईल, तो पास.

गुणांवरून दोघांचं एकमत झालं नाही आणि ते होईल असं मला वाटत नाही. माझं मत सांगतो. पुस्तक बंद ठेवून तीन आठवडे फिरणं फार झालं, आठवडाभर पुरे. पाहायला काही निमित्त नसेल तर नुसत्या फिरण्यातून मुलं गमतीजमती गोळा करून येतात. घरं कशी निवडायची हे भाचीनंच शिकवावं आणि दार वाजवण्याआधी शिकवावं. पण साठ अहवालांच्या जागी एक सर्वेक्षण ठेवावं आणि त्यामागे ज्याचा पैसा खरोखर अडकलाय असा कुणी तरी असावा, या बाबतीत मामा पूर्ण बरोबर आहेत. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. प्रत्येक तालुक्यात बचत गट आहेत, बेकऱ्या आहेत, दूध संस्था आहेत, पुस्तकांची दुकानं आहेत, आणि पुढच्या वर्षी काय विकावं हा प्रश्न त्या सगळ्यांना पडलेला आहे. खर्च म्हणाल तर छायाप्रतींचा आणि बसभाड्याचा. साठ जाडजूड बाइंडिंग करण्यापेक्षा तो जास्त होणार नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की नियमात एवढी सोय करावी : वर्गानं मिळून केलेलं एक सर्वेक्षण वैयक्तिक प्रकल्पाचा आधार म्हणून चालेल, आणि मूळ भरलेले फॉर्म तपासल्याशिवाय तोंडी परीक्षा होणार नाही. आणि वाचकांनो, एखाद्या रविवारी दोन मुलं कॉलेजचं पत्र घेऊन तुमच्या दारात आली, तर त्यांना दहा मिनिटं द्या. माझंच घर का निवडलंत, आणि ही माहिती कोण वापरणार, हे त्यांना आधी विचारा. उत्तर नीट मिळालं तर त्यांना बरं वाटेल ते सांगू नका, खरं असेल ते सांगा. आणि वेळ नसेल तर 'उद्या या' म्हणून टाळू नका, सरळ 'नको' म्हणा. त्यांना तेही लिहून घ्यायचं असतं.